निरुपद्रवी उणीव

महाविद्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन फोटो आले. पहिल्यावर लिहिलं होतं 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'. पहिल्या फोटोत प्रयोगशाळेची टेबलं होती आणि त्यांवर वर्तमानपत्राच्या कागदांवर पसरलेली माती. दुसऱ्या फोटोत तीच टेबलं स्वच्छ पुसलेली, खालची फरशी चकचकीत, कोपऱ्यात प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. फोटोंखाली बऱ्याच जणांनी अंगठे उठवले होते. एकानं दोन्ही हात जोडले होते.

ती माती परीक्षणाची प्रयोगशाळा होती. तिच्यातली माती काढून टाकली होती.

हे कसं झालं ते लिहितो. सांगायला सोपं गेलं असतं, पण मला बोलता येत नाही. चार माणसं समोर असली की वाक्य सुरू होतं आणि त्याचा शेवट सापडत नाही. लिहिताना निदान खोडता येतं. हेही नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं गाव तेरच्या अलीकडं, धाराशिवच्या रस्त्यावर. गावाबाहेर माळावर महाविद्यालय आहे. संस्था आण्णासाहेबांची, ते आता अंथरुणाला खिळलेत, त्यामुळं त्यांचा मुलगा रणधीर सचिव म्हणून कारभार बघतो. मी तिथं मराठी शिकवत होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरी बसून वाचतो, टिपणं काढतो, ती कुणाला दाखवत नाही.

विद्यापीठानं यंदा नवा नियम काढला. प्रत्येक अभ्यासक्रमाचा वेगळा गुणवत्ता अहवाल सादर करायचा, मग विद्यापीठाची समिती येऊन बघणार, आणि समितीनं मान्यता दिली तरच तो अभ्यासक्रम पुढं चालणार. नाही दिली तर बंद. अहवालावर महाविद्यालयाबाहेरच्या एका जाणकाराची सही लागते. त्याला बाह्य सदस्य म्हणतात.

फेब्रुवारीत एका सकाळी प्राचार्य घरी आले. ते माझेच विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे, अजूनही खुर्चीच्या कडेलाच बसतात.

'सर, बाह्य सदस्य म्हणून तुमचं नाव घातलंय.'

'मी कसला बाह्य? सगळी नोकरी तिथंच झाली माझी.'

'निवृत्त झालात म्हंजे बाह्यच की, सर.'

आतून आमच्या श्रीदेवीबाईंचा, म्हणजे बायकोचा, आवाज आला. 'घरात तर आधीपासनंच बाह्य हायेत.'

प्राचार्य मोकळेपणानं हसले. चहा आला. बशीत ओतून फुंकर घालत ते म्हणाले, 'काम काहीच न्हाय, सर. अहवाल तयार हाय. बलस्थानं झाली, संधी झाल्या, आव्हानं झाली. एक पान राहिलंय, उणिवांचं. ते लिहायला कुणी बसंना.'

'मला काय माहीत उणिवा?'

'असं काय करता? तुमी जन्मभर स्वतःच्याच काढत आलात की. तुमच्याएवढा हात कुणाचा बसलाय त्यात?'

हे ते प्रेमानं बोलले. मला राग आला होता, पण मी बिस्किटाची बशी त्यांच्याकडं सरकवली.

मग त्यांनी मला उणीव कशी लिहायची ते शिकवलं. उणीव अशी हवी की ती कुणाला लागू नये. उणीव नाहीच असं लिहिलं तर समितीला संशय येतो, खरी लिहिली तर गुण जातात. म्हणून लिहायचं, आवारात आणखी झाडं लावता येतील. किंवा, विद्यार्थी ग्रामीण असल्यामुळं बुजरे आहेत. सगळीकडं असंच लिहितात. 'निरुपद्रवी पायजे बघा, सर. तुमच्यासारखी,' असं म्हणून ते उठले.

यंदा दोन अभ्यासक्रम समितीपुढं जायचे होते. एक माती व पाणी परीक्षणाची पदविका, दुसरी अन्नप्रक्रियेची. दुसरीची विभागप्रमुख रणधीरची बायको हर्षाली होती. तिच्या वर्गात मी विद्यार्थी कधी पाहिले नाहीत. हजेरीपटावर मात्र होते. दोन्ही अभ्यासक्रमांना मिळून प्रयोगशाळा एकच. दाराला एक पाटी टांगलेली, तिच्या एका बाजूला 'माती व पाणी परीक्षण', उलट्या बाजूला 'अन्नप्रक्रिया'. कोण बघायला येतं त्याप्रमाणं विरुपाक्ष शिपाई ती फिरवायचा.

मी प्रयोगशाळा बघायला गेलो तेव्हा मे महिना होता. रब्बीची रानं मोकळी झालेली, पेरणीला अवकाश. मातीचे नमुने घ्यायचे ते याच दिवसांत. दारातच मातीचा वास आला.

आत श्रावस्ती होती. पहिल्या वर्षाला मी तिला मराठी शिकवलेलं. वर्गात ती फार बोलायची नाही, म्हणून मला ती लक्षात राहिली. तिची आई पुतळाबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची. त्यांना स्वतःचं रान नाही. श्रावस्ती रसायनशास्त्र शिकून परत आली आणि या पदविकेची सगळी जबाबदारी तिनं घेतली. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतीच. अभ्यासक्रम बंद झाला की तीही बंद.

'या, सर. चपला काढू नका, पायाला माती लागंल.'

सगळीकडं कागद पसरलेले. टेबलांवर, खिडकीत, जमिनीवर. प्रत्येक कागदावर मातीचा एक पसारा आणि त्यावर दगडाखाली दाबलेली चिठ्ठी. काळी, तांबूस, पांढुरके खडे मिसळलेली. चार-पाच मुली लाकडी ठोकळ्यानं ढेकळं फोडत होत्या.

'उन्हात का नाही वाळवत?' मी विचारलं.

'उन्हात तिच्यातलं बदलतं, सर. सावलीतच वाळवायची. मग कुटायची, चाळायची, मग तपासायची.' तिनं एक चिठ्ठी उचलून दाखवली. गाव, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पीक. 'ह्या पोरींनी आपापल्या गावांतनं आणलीय. जागजी, ढोकी, पाडोळी, किणी. समितीला हेच दाखवायचंय. दुसरं आपल्याकडं काय हाय?'

नंदा नावाची एक मुलगी ठोकळा थांबवून म्हणाली, 'सर, माझी आजी म्हणती, कॉलेजात जाऊन बी मातीच का गं?'

'मग तू काय म्हणालीस?'

'म्हणलं, इथं मातीला मार्क मिळत्यात.'

मुली हसल्या. मीही हसलो. मग श्रावस्तीनं मला कोपऱ्यात नेलं. तिथं कापडाखाली एक यंत्र झाकून ठेवलेलं होतं. मातीत पालाश किती आहे ते मोजायचं यंत्र, फ्लेम फोटोमीटर. ते तीन वर्षांपासून बंद होतं.

'हे लिहा, सर, उणिवांमध्ये.'

'हे लिहिलं तर गुण जातील.'

'जाऊ द्या. संस्थेच्या वार्षिक अहवालात दरवर्षी हे चालू दाखवलंय. दुरुस्तीचा अर्ज केला की सचिवसाहेब म्हणतात, चालू यंत्राला दुरुस्ती कशी मंजूर करू? कुणीतरी एकदा लिहा की हे बंद आहे.'

'बघतो,' मी म्हणालो.

घरी आलो आणि आठवडाभर त्या पानापुढं बसलो. बंद यंत्राचं वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मला वाटलं, समिती हे वाचेल आणि मुलीचा अभ्यासक्रम बंद करेल, तिची नोकरी जाईल, आणि ते माझ्या हातानं होईल. मला काय कळतं समितीतलं? मी पुस्तकं वाचणारा माणूस. प्राचार्यांनी सांगितलेली उणीव शोधायला लागलो. कुणाला न लागणारी. शेवटी एक सापडली:

'प्रयोगशाळेतील टेबलांवर व जमिनीवर माती आढळते. स्वच्छतेकडे अधिक लक्ष देता येईल.'

वाक्य मला आवडलं होतं, हे लिहायला लाज वाटते. साधं, सभ्य, कुणाचं काही न बिघडवणारं. अन्नप्रक्रियेच्या पानावर मी लिहिलं की लोणच्याच्या बरण्यांना एकसारखी लेबलं असावीत. दोन्ही पानं दिली, सही केली, आणि हातून एक बरं काम झालं असं समजून शांत झोपलो.

समिती यायच्या दोन दिवस आधी ते फोटो आले.

मी चप्पल घालून तसाच माळाकडं निघालो. ऊन होतं. श्रीदेवी मागून टोपी टोपी म्हणत राहिली. महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ मातीचा ढीग होता. त्याच्याभोवती मुली बसलेल्या. श्रावस्ती ढिगातून चिठ्ठ्या वेचत होती. चिठ्ठ्या ओल्या झालेल्या, शाई पसरलेली. एक उलगडताना तिच्या बोटांत फाटली. तिनं ती तशीच ओट्यावर ठेवली.

विरुपाक्ष भिंतीला टेकून उभा होता, हातात खराटा. मला बघून तो स्वतःहूनच बोलायला लागला. 'सर, म्या इचारलं व्हतं. म्हणलं, साहेब, सगळी काडू का? म्हणले, सगळी. कण बी दिसू देऊ नको. मग म्या वरून पाणी मारलं, धुरळा उडू न्हाय म्हणून.'

पाणी मारलं होतं. आठ-दहा गावांची माती एकत्र झाडली, आणि धुरळा उडू नये म्हणून तिचा चिखल केला. ढिगाच्या एका बाजूनं अजून पाणी झिरपत होतं. फिनेलचा वास येत होता.

तेवढ्यात रणधीर आला. पांढरे कपडे, कानाला फोन. फोन ठेवून म्हणाला, 'काय झालं, म्याडम? अंत्यविधीला बसल्यासारखं काय बसलाव सगळ्याजणी?'

श्रावस्ती उभी राहिली. 'नमुने होते हे.'

'अहो, आपल्या सरांनीच लिहिलंय, स्वच्छता न्हाय म्हणून.' त्यानं माझ्याकडं हात केला. 'म्हणलं, उणीव सापडली तर समिती यायच्या आदीच दूर करावी. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, कार्यवाही अहवाल. लई गुण हायेत त्याला. तुमच्याच फायद्याचं केलंय.'

'समितीला नमुने दाखवायचे होते.'

'मग आणा की दुसरी माती. मातीला काय तोटा हाय व्हय हिकडं?'

'वेगवेगळ्या गावांची होती.'

'मातीवर गाव लिवलेलं असतंय का?'

'असतंय,' नंदा म्हणाली. 'चिठ्ठीवर लिवलं व्हतं.'

रणधीर हसला. हसतच श्रावस्तीला म्हणाला, 'हे बघा, तुमाला सवय असंल मातीत बसायची. समितीतल्या लोकांना नसती.'

'तुमाला' म्हणताना त्याला कोण म्हणायचं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. विरुपाक्षानं मान खाली घातली. मलाही कळलं. मी टाकीच्या नळाकडं बघत राहिलो.

श्रावस्ती म्हणाली, 'आहे सवय. माझ्या आईनं जन्मभर तुमच्या रानात खुरपलंय. त्या रानाची मातीसुद्धा ह्या ढिगात आहे, साहेब. तुमच्या गड्यानंच आणून दिली होती. सोयाबीन पिवळं पडतंय म्हणत होता.'

रणधीरचा फोन वाजला. तो 'बोला, बोला' म्हणत निघून गेला. बरण्या आल्या का, असं कुणाला तरी विचारत होता.

त्यानं हे मुद्दाम केलं असतं तर मला इतका राग आला नसता. मुद्दाम करणाऱ्याला निदान माहीत असतं की तो काय मोडतो आहे. याला माती दिसलीच नाही, नुसती घाण दिसली. त्यानं घाण काढली आणि त्याला समाधान वाटलं. आणि त्याच्या हातात खराटा दिला कुणी? मी. सुवाच्य अक्षरात.

घरी आलो. श्रीदेवी भाकरी थापत होती. टाकीजवळ काय झालं ते तिला थोडक्यात सांगितलं.

'मग? तुमी काय बोललात त्याला?'

'काही नाही.'

'ते माहीतच हाय.' तिनं भाकरी उलटली. 'आणि ते स्वच्छतेचं कुणी लिवलं होतं?'

मी सांगितलं. तिचा हात थांबला.

'म्हंजे झाडलं तुमीच की,' ती म्हणाली. 'इरुपाक्षानं नुसता खराटा धरला.'

दुसऱ्या दिवशी मी श्रावस्तीकडं गेलो. ती रिकाम्या टेबलाशी बसली होती. मी म्हणालो, 'ती ओळ माझी होती. तुला त्रास होऊ नये म्हणून लिहिली.' याहून जास्त काही मला जमलं नाही.

'माहीत आहे, सर. अहवाल मीच टाइप केला.'

'टाइप केलास? मग काढली का नाहीस?'

'तुम्ही लिहिली होती म्हणून. मला वाटलं, सर बघून गेलेत. त्यांनाही घाणच वाटली असंल.'

मी आयुष्यात पुष्कळ वाचलं. माणसाला लागेल असं पुष्कळ वाचलं. पण हे एवढंसं वाक्य माझ्याच एका विद्यार्थिनीनं, आवाज न चढवता, माझ्याकडं न बघता म्हटलं, आणि मी समोरच्या स्टुलावर बसलो. पुतळाबाईंच्या मुलीला वाटलं होतं की मीही रणधीरसारखाच बघतो. आणि तिला तसं वाटू नये असं मी केलं तरी काय होतं?

'यंत्राचं सांगशील का उद्या?' मी विचारलं.

'मी सांगून काय, सर? तासिकेवरच्या बाईला कोण विचारतं? अहवालात चालू आहे. त्याखाली तुमची सही आहे.'

समिती आली. तिघं जण, अध्यक्ष एक प्राध्यापक बाई, पांढरे आखूड केस, पायात साध्या वहाणा. फाटकापाशी हलगी वाजली. फेटे बांधले, शाली झाल्या, नारळ झाले. अध्यक्षबाईंनी फेटा बांधू दिला आणि दहा पावलांत काढून हातात घेतला. मला त्या आवडल्या. पण म्हटलं, आपल्याला आवडून काय होतं?

प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी 'माती व पाणी परीक्षण' या बाजूला होती. आत फिनेलचा वास. पडद्यावर ते दोन फोटो दाखवले. रणधीर स्वतः समजावून सांगत होता, 'उणीव ओळखली, लगेच कार्यवाही केली.' एका सदस्यानं मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं. मागच्या टेबलावर चादरीखाली बरण्या झाकलेल्या होत्या. दुपारी पाटी फिरली की त्या बाहेर येणार होत्या. चादरीखालून लोणच्याचा वास येत होता आणि तो कुणालाच येत नव्हता.

अध्यक्षबाईंनी रिकाम्या टेबलांकडं बघून विचारलं, 'नमुने कुठं आहेत?'

प्राचार्य पुढं झाले. 'तपासून निकाली काढले, मॅडम.'

'सगळे?'

'सगळे.'

श्रावस्ती भिंतीपाशी उभी होती. मुली तिच्यामागं. त्यांना बोलू नका असं बजावलं होतं. अध्यक्षबाईंनी अहवालाची पानं उलटली आणि शेवटी रिवाजाप्रमाणं विचारलं, 'बाह्य सदस्यांना काही सांगायचंय?'

याला एकच उत्तर असतं. सर्व समाधानकारक आहे. प्राचार्यांनी मला ते आदल्या दिवशी फोनवर दोनदा म्हणून दाखवलं होतं.

मी उभा राहिलो. 'ते...' मी म्हणालो. 'ती जी... मागं...' पुढचा शब्द येईना. सगळे वाट बघत होते. एका सदस्यानं घड्याळ बघितलं.

रणधीर हसत अध्यक्षबाईंना म्हणाला, 'सर आमचे लई विद्वान हायेत. पण आता वय झालंय. चला, मॅडम, चहा तयार हाय. सर, बसा तुमी, बसा—'

'गप बस!'

कुणीतरी ओरडलं. मला वाटलं दुसरं कुणीतरी. मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळलेली दिसली. इतकी वर्षं शिकवलं, पण वर्गात दंगा करणाऱ्या पोरालासुद्धा मी असं कधी बोललो नव्हतो.

'गप बस, रणधीर,' मी पुन्हा म्हणालो. 'नमुने मागं आहेत. टाकीजवळ. यानं झाडून टाकले. मी लिहिलं म्हणून टाकले. मी लिहिलेलं खोटं आहे. यंत्र बंद आहे ते लिहायचं होतं, ते मी लिहिलं नाही. त्याखाली माझी सही आहे. ती सही खोटी आहे. म्हणजे, सही माझीच आहे, पण...' इथं वाक्य पुन्हा हरवलं. 'चला,' मी म्हणालो आणि बाहेर चालायला लागलो. कुणी येतंय की नाही, मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

आल्या. अध्यक्षबाई ढिगापाशी उकिडव्या बसल्या. वरची माती वाळून तडकली होती. त्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. आत काळी, तांबडी, पांढुरकी, सगळी एकमेकींत बसलेली.

'ह्यातली कुठली कुठल्या गावची, ते सांगता येईल?' त्यांनी श्रावस्तीला विचारलं.

'नाही, मॅडम. आता ही कुठलीच माती नाही.'

'आणि यंत्र?'

'बंद आहे.'

'अहवालात चालू आहे.'

'दरवर्षी चालूच असतं, मॅडम. म्हणून दुरुस्त होत नाही.'

अध्यक्षबाई उठल्या. हात झटकले नाहीत. प्राचार्यांनी पुढं केलेला रुमालही घेतला नाही. 'पुरावा नसेल तर मला गुण देता येत नाहीत,' त्या श्रावस्तीला म्हणाल्या. 'हे तुम्हाला माहीत आहे ना?'

'माहीत आहे.'

दुपारी विरुपाक्षानं पाटी फिरवली. चादर काढली. बरण्यांना एकसारखी लेबलं लावलेली होती.

निकाल पावसाळ्याच्या तोंडाशी आला. माती व पाणी परीक्षणाला एका वर्षाची सशर्त मान्यता. यंत्र सहा महिन्यांत दुरुस्त करून तसं कळवायचं, नमुने जपून ठेवायचे, पुढच्या उन्हाळ्यात अहवाल पुन्हा सादर करायचा. अन्नप्रक्रियेला पाच वर्षांची पूर्ण मान्यता, शेरा 'उत्तम'. फाइल व्यवस्थित होती. एकही कागद कमी नव्हता. ज्या वर्गात कुणी बसत नाही त्याला पाच वर्षं, आणि ज्या मुली माती डोक्यावर घेऊन एसटीनं आल्या त्यांना एक. एसटी थांब्यावर फलक लागला, रणधीर आणि हर्षालीचा फोटो, 'गुणवत्तेवर शिक्कामोर्तब'. मी त्या थांब्यावरून जाणं सोडलं होतं. मग वाटलं, मी का सोडू? आता रोज तिथूनच जातो आणि रोज माझं डोकं फिरतं.

प्राचार्यांचा फोन आला. आवाज पडलेला होता. 'सर, पुढच्या वर्षी बाह्य सदस्य दुसरे घेतोय. तुमच्या प्रकृतीमुळं, असं लिवलंय.'

'माझी प्रकृती चांगली आहे,' मी म्हणालो. वाक्य पूर्ण झालं.

श्रीदेवीनं ऐकलं होतं. 'झालात का परत बाह्य?' ती म्हणाली, आणि माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढली.

श्रावस्तीला मी म्हणालो होतो की एक वर्ष म्हणजे काहीच नाही. ती म्हणाली, 'माती परत गोळा करायला एक उन्हाळा लागतो, सर. तेवढा मिळाला.' तिला राग आला नव्हता असं नाही. यंत्राच्या दुरुस्तीसाठी ती सचिवांच्या दाराशी इतक्या वेळा जाऊन बसली की समितीचं पत्र तिला पाठ झालं होतं. यंत्र हिवाळ्यात दुरुस्त होऊन आलं. रणधीरनं त्याच्यासोबतही फोटो काढून घेतला.

आता पुन्हा मे आहे. मुली पुन्हा माती घेऊन आल्यात. जागजीची आली, किणीची आली, ढोकीची नंदानं आणली. टेबलांवर, खिडकीत, जमिनीवर कागद पसरलेत. मला कुणी बोलावलेलं नाही. मी जातो आणि चिठ्ठ्या लिहितो, प्रत्येक नमुन्याच्या दोन, एक मातीत, एक पिशवीला बांधायला. माझं अक्षर सुवाच्य आहे, तेवढं तरी कामाला येतं. उणिवांचं पान यंदा श्रावस्तीनं स्वतः लिहिलंय. मी वाचलं. एक शब्द खोडावासा वाटला नाही.

काल दुपारी आम्ही काम करत होतो. दारात सावली पडली. विरुपाक्ष उभा होता, हातात खराटा.

'हात लावू नको!' मी ओरडलो. ठोकळे थांबले.

विरुपाक्ष दचकून मागं सरला. 'सर, पायरी झाडायलोय नुसती.'

'पायरीपण राहू दे,' मी म्हणालो.